भुजची धावपट्टी आणि माधापरच्या बायका (१९७१)

खडीवाला

२०२५ च्या ७ मेला हवाई हल्ल्याची मॉक ड्रिल झाली ना, देशभर २४४ जिल्ह्यांत. पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आणि त्याच दिवशी ड्रिल, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर नुसता धुमाकूळ. लिफ्ट बंद ठेवायची का, इन्व्हर्टरवरचे दिवे चालतात का, गच्चीवर जाऊन बघायचं का. शेवटी भोंगा काही आम्हाला ऐकू आला नाही, समोरच्या हॉलमधल्या हळदीचा डीजे मात्र व्यवस्थित ऐकू आला. तर ह्या सगळ्या गोंधळात मला माधापर आठवलं, म्हटलं किती वर्षं लिहीन लिहीन करतोय, एकदाचं टंकून टाकू.

२००१ च्या भूकंपानंतर मी दोन-अडीच वर्षं भुजला साइटवर होतो. नवीन नवीन इंजिनिअर, अंगावर कायम सिमेंट. राहायला माधापरला, भुजला अगदी खेटून आहे. हल्ली पेपरात 'सर्वात श्रीमंत गाव, गावात सतरा बँका' असं छापून येतं ते हेच. कच्छी लेवा पटेलांची मोठी वस्ती, घरटी एकजण केनियात नाहीतर लंडनला. आपल्याला पटेल म्हटलं की दुकान आठवतं, पण हे लोक मुळात शेती आणि बांधकामातले, पूर्व आफ्रिकेत गेले ते पण गवंडीकाम आणि कंत्राटदारी करायलाच. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट. ३ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि भुजचा विमानतळ सीमेच्या एवढा जवळ की तिथे बॉम्ब पडणं ठरलेलंच होतं. ८ डिसेंबरच्या रात्री धावपट्टीच बसली. खड्डे पडले आणि विमान उडायची सोय गेली. बेसचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले नागपूरचे. त्यांच्याकडे माणसं मोजकीच, आणि लढाई चालू असताना कामावर यायला मजूर मिळेनात. मग प्रशासनाकडून माधापरच्या सरपंचांना निरोप गेला आणि गावातल्या साधारण ३०० बायका निघाल्या. बहात्तर तासांत पट्टी परत चालू केली.

हे काम म्हणजे काय ते साइटवाल्याच्या नजरेतून सांगतो. बॉम्बचा खड्डा हा रस्त्यावरच्या खड्ड्यासारखा नसतो. वरून जेवढा दिसतो त्याच्या आजूबाजूची स्लॅब पण खालून सुटलेली असते, ती फोडून काढायची, सगळा राडारोडा उचलायचा, दगड-खडी थराथराने भरायची, दाबायची, मग वर काँक्रीट. भरलेला खड्डा खचला तर विमानाचं चाक गेलंच म्हणून समजा. हे सगळं घमेल्यांनी आणि हातांनी. वर एक नवीनच भानगड, ताजं सिमेंट आकाशातून लांबून ओळखू येतं, म्हणजे शत्रूला आयती खूण. म्हणून पट्टी शेणाने सारवून काढली. बायकांना फिक्या हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं कारण भोंगा झाला की पळत जाऊन झुडपात पडून राहायचं आणि वरून दिसायचं नाही. कच्छमध्ये झुडूप म्हणजे गांडो बावळ, वेडी बाभूळ. इंच-इंच काटे. मी सर्व्हे करताना त्यात नुसता हात घातला तर आठवडाभर ठणकत होता, ह्या बायका त्यात अंग टाकत होत्या.

पहिल्या दिवशी खायची काही सोयच नव्हती, उपाशीच झोपल्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि मिठाई आली. चौथ्या दिवशी दुपारी चारला पट्टीवरून विमान उडालं.

पुढे इंदिरा गांधींकडून ५०,००० रुपये बक्षीस मिळालं, ते बायकांनी वाटून न घेता गावच्या कम्युनिटी हॉलला दिलं. स्मारक व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं. मधली चव्वेचाळीस वर्षं बाहेर कोणाच्या गावीही नव्हतं. मी तिथे राहत होतो तेव्हा मलाही पहिले सहा महिने पत्ता नव्हता.

मला कळलं ते घरमालकीणबाईंमुळे. सगळं गाव त्यांना बा म्हणायचं, मीही. एकदा ओटा करताना गिलावा लावायला माझा मिस्त्री फार वेळ घेत होता तर बा स्वतः आल्या, थापी घेतली आणि दोन हातांत गुळगुळीत करून दिला. मी तोंडात बोट घातलं तर म्हणाल्या आमच्याकडच्या बायकांनी विमानाचा रस्ता केलाय, हे काय घेऊन बसलास. मी उड्या मारत विचारलं तुम्ही होता का त्यात? तर नाही. त्या घरी होत्या. जावा-नणंदा आणि शेजारणी धावपट्टीवर गेल्या त्यांची सात पोरं ह्यांच्याकडे, त्यातलं एक अंगावर पिणारं. आणि रात्री ब्लॅकआउट. सात पोरं अंधारात झोपवून बघा एकदा.

तर माझा मुद्दा एवढाच आहे की ३०० हा आकडा अर्धाच आहे. त्या तीनशेंच्या मागे ज्या थांबल्या त्यांची मोजणी कुठल्याच यादीत नाही.

मनीमाऊ_डोंबिवली

किती छान लिहिलंयस रे. काटा आला अंगावर. शेणाचं वाचून हसू पण आलं कारण आमच्या आजोळी सारवायचं काम माझ्याकडे असायचं. नुसतं शेण लावलं की सुकल्यावर पापुद्रे धरतात आणि भेगा पडतात, त्यात थोडी माती लागते आणि पाण्याचा अंदाज हाताला कळावा लागतो. हे इंजिनिअरला कळणार नाही (तू सोडून). म्हणजे ज्याने कोणी ह्या बायकांना बोलवायचं डोकं लढवलं त्याला दाद द्यायला हवी, नुसते हात नाही मिळाले त्याला, कसबी हात मिळाले.

आणि त्या अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय केलं बांनी? विचारलंस का?

खडीवाला

@मनीमाऊ ताई, विचारलं. शेळीचं दूध, बोळ्याने. त्यावर जास्त काही बोलल्या नाहीत.

कसबी हातांबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच ते गवंडीकामाचं लक्षात ठेवा म्हटलं होतं.

शंकासूर

लेख चांगला आहे पण नेहमीप्रमाणे थोडं मिठाचा खडा टाकतो, सवय आहे.

१. हवाईतळ हे लष्करी लक्ष्य, त्यावर बॉम्ब टाकायचा शत्रूला युद्धाच्या नियमानुसार हक्कच आहे. अशा ठिकाणी नागरिकांना, त्यातही लहान पोरांच्या आयांना, भर युद्धात कामाला लावणं बरोबर आहे का? एखादा बॉम्ब मधेच पडला असता तर आज आपण शौर्यगाथा नाही, चौकशी अहवाल वाचत असतो.

२. 'स्वयंसेवक' म्हणायचं तर नाही म्हणायची सोय पाहिजे. सरपंच दारात येऊन सांगतो तेव्हा गावात नाही म्हणायची सोय किती असते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

खडीवाला

शंकासूर, दुसरा मुद्दा मला पण तेव्हा सुचला होता आणि मी बांना विचारलाही होता, जरा घाबरतच. त्यांचं म्हणणं असं की गेल्या नसत्या तर कोणी मारलं नसतं, पण मग आयुष्यभर पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आता ह्याला जबरदस्ती म्हणायचं की स्वखुशी ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर दोन्ही होतं, आणि त्याने काम लहान होत नाही.

एक विसरलात. कच्छच्या लोकांना युद्ध म्हणजे रेडिओवरची बातमी नव्हती. सहाच वर्षांपूर्वी, १९ सप्टेंबर १९६५ ला, गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता ह्यांचं साधं नागरी विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने कच्छमध्येच सुथरीजवळ पाडलं होतं. बरोबर त्यांची पत्नी होती, सगळे गेले. घरी बसलं म्हणजे वाचलो असं त्या लोकांना वाटत नसणार.

पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना फौजी

शंकासूरजींच्या पहिल्या मुद्द्यावर थोडं. मी पायदळात होतो, २६ वर्षं. बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, पण डोंगरात मुलकी माणसाशिवाय फौज एक पाऊल चालत नाही हे खरं आहे. पोस्टवर एक जेरीकॅन पाणी पोचवायला किती दम लागतो ते ज्याने उचललंय त्यालाच कळतं. रस्ता जिथे संपतो तिथून खेचर, आणि खेचर जिथे अडतं तिथून पोर्टर, म्हणजे जवळच्या गावातलाच पोरगा, पायात साधे बूट. २०२० साली लडाखमधल्या चुशूलच्या गावकऱ्यांनी वर जवानांना पाणी, तांदूळ, रॉकेल पाठीवरून नेऊन दिलं, बायका-पोरं सगळे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पुढे थंडी तोंडावर.

कारगिलचं तर सुरूच एका मेंढपाळापासून. ताशी नामग्याल, बटालिकजवळच्या गारखुन गावचा. मे १९९९, ह्याचा याक हरवला होता, नवीनच घेतलेला. दुर्बीण लावून शोधत होता तर वर पठाणी कपड्यातले लोक खोदकाम करताना दिसले. त्याने खाली येऊन सांगितलं. आधी १९६५ ला पण असंच, ५ ऑगस्टला गुलमर्गच्या बाजूला महंमद दीन नावाच्या गुज्जर पोराला अनोळखी लोकांनी पैसे देऊन माहिती विचारली, हा गडी सरळ पोलिसांकडे गेला. गुराख्याला आपला डोंगर पाठ असतो. त्यात एक दगड जरी इकडचा तिकडे झाला तरी त्याला कळतं, आमच्या गस्तीला नाही कळत. उगाच फौजेचा अपमान नको, पण आहे ते आहे.

उसळपाव

मुंबईच्या ब्लॅकआउटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. १९७१ ला मी नऊ वर्षांचा, गिरगावात चाळीत. शाळा लवकर सुटायची त्यामुळे आम्ही जाम खूष. काचांना काळा कागद, गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा. आमच्या मजल्यावरचे एक काका वॉर्डन, म्हणजे अंधार पाळला जातोय का ते बघणारे, झाले होते. एरवी त्यांना कोणी विचारत नव्हतं, ऑफिसात कारकून, घरात बायकोपुढे ब्र नाही. हातात शिट्टी आली आणि माणूस बदलला. कुठे फटीतून उजेड दिसला की खालून आवाज, "दुसरा मजला, तिसरी खोली, लाइट!" एकदा कोणीतरी अंधारात बिडी पेटवली तर पाकिस्तानी पायलटला बिडी दिसते ह्यावर त्यांनी अर्धा तास लेक्चर दिलं.

हसायचो आम्ही. पण एका रात्री विमानविरोधी तोफा खरंच सुरू झाल्या, आकाशात लाल ठिपक्यांच्या माळा वर जाताना दिसल्या आणि चाळीतले सगळे जिन्याखाली. तेव्हा ते काका खोली-खोलीत जाऊन मोजणी करत होते, कोण आलं कोण राहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना त्यांनी आणि आमच्या वडिलांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. आजी सबंध जिनाभर शिव्या देत होत्या की मला माझ्या गादीवर मरू द्या.

ऑल क्लिअरचा भोंगा सलग वाजतो आणि धोक्याचा खालीवर होतो, हे मला अजून झोपेतही सांगता येईल. परवाच्या ड्रिलला नातवाला सांगायला गेलो तर तो म्हणे, आजोबा, ॲप आहे.

नागपुरी तर्री

कर्णिक आमच्या नागपूरचे हे लिहिलं ना भाऊ, बस, दिवस बनला. अजून एक नागपूरचं सांगतो, नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज पण नागपुरातच सुरू झालं, १९५७ साली. देशभरचे लोक इथे येऊन आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणूस काढणं शिकून जातात आणि आमच्या अर्ध्या गावाले माहीत नाही.

होमगार्डचं पण मूळ महाराष्ट्रातलंच, म्हणजे तेव्हाचा मुंबई प्रांत, डिसेंबर १९४६. तेव्हा युद्ध नव्हतं, दंगली होत्या. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. ६२ च्या चीन युद्धानंतर मग देशभर नीट घडी बसवली. माझा मामा होता होमगार्डात, गणपती-मोहरम-निवडणूक तिन्ही ड्युट्या केल्या, लढाई एक पण नाही. भत्ता यायला सहा-सहा महिने. पण गणवेशाची इस्त्री कडक, मामीच्या साडीला कधी एवढी इस्त्री झाली नसंन.

केंटकर

होमगार्ड हे नावच मुळात इकडचं, ब्रिटनचं. मी केंटमध्ये राहतो, इथे शेतात अजून काँक्रीटचे ते ठेंगणे मोर्चे उभे आहेत, पोरं त्यात लपाछपी खेळतात. जर्मन उतरतील ह्या भीतीने १४ मे १९४० ला तेव्हाचा युद्धमंत्री अँथनी ईडनने रेडिओवर आवाहन केलं, १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी नाव द्या. भाषण संपायच्या आत पोलिस ठाण्यांपुढे रांगा. जुलै संपेपर्यंत दहा लाखांच्या वर माणसं. आणि बंदुका नाहीत! दंडाला एक पट्टा बांधायचा एवढाच गणवेश. शंकासूर ह्यांनी नियमांचं काढलंय म्हणून सांगतो, तो पट्टा नुसता शोभेचा नव्हता. हेग करारात असं आहे की लढणाऱ्याच्या अंगावर लांबून ओळखू येईल अशी ठराविक खूण हवी, नाहीतर पकडल्यावर युद्धकैदी धरत नाहीत, सरळ गोळी. म्हणजे चार बोटं रुंदीचं कापड आणि जीव.

रस्त्यावरच्या गावांच्या नावाच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, शत्रूला वाट कळू नये म्हणून, त्यात आपलेच लोक चुकायचे. चर्चच्या घंटा बंद, वाजली तर समजायचं उतरले जर्मन. ७ सप्टेंबर १९४० ला सावधानतेचा सांकेतिक शब्द गेला आणि काही गावांत खरंच घंटा वाजल्या, रात्रभर म्हातारे कोतारे शेतात दबा धरून. कोणी आलं नाही. पुढे तर बंदुका पुरेनात म्हणून लोखंडी पाइपला संगीन जोडून भाले वाटले, त्यावरून इतकी टिंगल झाली की विचारू नका.

टिंगल खूप होते त्यांची अजून, पण ड्युटीवर १,२०६ जण गेले हे फारसं कोणी सांगत नाही. १९४४ च्या डिसेंबरमध्ये सगळं बंद केलं. बायकांना सुरुवातीला घेतच नव्हते, १९४३ पर्यंत. माधापर बघता आपण पुढे म्हणायचं की ब्रिटिशांची गरज कमी म्हणायची?

शंकासूर

केंटकर, हे दंडपट्ट्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग माधापरच्या बायकांना तर उलट हिरव्या साड्या, दिसू नये म्हणून. म्हणजे एकाला दिसायला पाहिजे म्हणून कापड आणि एकाला दिसू नये म्हणून. त्या लढत नव्हत्या त्यामुळे नियम वेगळा, मान्य. फक्त गंमत वाटली.

आणि १९६५ चं पंजाबचं राहिलंच की. ६ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर, हलवारा ह्या तीन विमानतळांजवळ कमांडो पॅराशूटने उतरवले. उतरले उसाच्या आणि मक्याच्या शेतात, अंधारात एकमेकांना सापडेनात. गावकऱ्यांनी लाठ्या, गंडासे घेऊन शेतं वेढली, पोलिसांना बोलावलं, बहुतेक सगळे पकडले गेले. माझ्या सासूबाई जालंधरकडच्या. त्या सांगतात की नंतर कितीतरी दिवस शेतात एकटं जायची कोणाची टाप नव्हती, एखादा राहिला असला तर? आणि अनोळखी कोणी गावात दिसला की मार. त्यात दोन निरपराध फेरीवाले पण चोपले गेले म्हणे. हेही लिहा. जागरूक गावकरी म्हटलं की ही बाजू येतेच.

जुना फौजी

बरोबर बोललात. म्हणूनच ट्रेनिंग लागतं. शिट्टी सगळ्यांना देता येते.

उसळपाव

आमच्या काकांवर होता का हा टोला? :)

मनीमाऊ_डोंबिवली

खडीवाल्या, स्मारक बघण्यासारखं आहे का? डिसेंबरमध्ये रणोत्सवाला जायचं चाललंय, भुजलाच उतरणार आहोत. आणि बा आहेत का अजून? त्यांना भेटता येईल का, नुसतं पाया पडायला.

खडीवाला

स्मारक रस्त्यावरच आहे ताई, रिक्षावाल्याला वीरांगना स्मारक म्हटलं की आणून सोडतो. मोठं काही नाही, अर्ध्या तासात होतं. दुपारी जाऊ नका, डिसेंबरात पण ऊन टोचतं.

बा २०११ ला गेल्या, स्मारक व्हायच्या आधी. मुलगा लंडनहून आला होता, घर आता बंद असतं.

त्यांना मी एकदा म्हटलं होतं की त्या पन्नास हजारांत तुमचा पण वाटा पाहिजे होता, पोरं सांभाळली म्हणून. तर म्हणाल्या, मिळाला की. त्या हॉलमध्ये जेवढी लग्नं झाली तेवढी सगळी जेवून आले, बोलावणं असो नसो.